बोरगाव मेघेतले डॉल्फिन

"डॉल्फिननं पाण्याखाली नुसतं तोंड उघडलं, तरी मी ओळखतो!" ऋग्वेद छातीठोकपणे सांगायचा. तेही वर्ध्याच्या बोरगाव मेघेत, पलंगावर बसून. गंगा तिकडे बिहारात!

तिथल्या एका वळणावर पाण्यात माईक सोडलेला होता. नदीतला आवाज थेट त्याच्या लॅपटॉपवर यायचा. डॉल्फिन 'टकटक' करत वाट शोधतो. ते ऐकायचं आणि संशोधक मॅडमना कळवायचं, ही त्याची नोकरी. पण महिनाभर नुसत्या नावेच्या मोटारी! आज संध्याकाळपर्यंत काही ऐकू आलं नाही, तर माईक निघणार, कागदावर ते वळण 'रिकामं' होणार. मग तिथं वाळू उपसायला रान मोकळं.

आणि नेमके आजच त्याचे इअरफोन पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन स्वच्छ धुऊन निघाले. त्यानं स्पीकर लावला.

शेजारचे प्रभाकरराव डोकावले. "काय ऐकून राह्यला बे?"

"डॉल्फिन, काका."

"मासा काऊन बोलते?"

"मासा नाई काका. पिल्लाले दूध पाजते तो."

"मंग गाय म्हण ना!"

ऋग्वेदची आई, लीनाबाई, चहा ठेवायला आत गेल्या. आणि टक! टक-टक! टकटकटक!

ऋग्वेद उडालाच, फोन लावला. "मॅडम, आला!"

बातमी ऐकून समोरच्या मेघाताई आल्या. पुन्हा चहा. पुन्हा टकटक! "मॅडम, दोन!" तेवढ्यात वडील, कृष्णकांत, अख्खं भजनी मंडळ घेऊन घरी आले. लीनाबाईंनी मोठं पातेलं काढलं. गंगेत जणू वरात निघाली! "मॅडम, कळप!"

"ऋग्वेद," लीनाबाई आतून ओरडल्या, "हे लायटर फेक बाप्पा! टकटक करून अंगठा दुखला, गॅस पेटूनच नाई राह्यला!"

ऋग्वेदनं फोन करून कळप रद्द केला. "आईचा चहा होता, मॅडम."

पण मंडळी उठेनात. स्पीकरमधून पाणी वाहत होतं, कुणाचंच नसल्यासारखं.

"एवढ्या पाण्यात एकबी नाई?" प्रभाकरराव हळूच म्हणाले. लीनाबाईही पदराला हात पुसत येऊन बसल्या.

टक. टक-टक-टक.

"लीना, आता चहा पुरे!" कृष्णकांत खेकसले.

"मी तं इथंच बसली ना!"

ऋग्वेदनं फोन लावला. "मॅडम, एक आहे. खरा."

मॅडम म्हणाल्या, "आधी आईला फोन द्या."