मावशी म्हणण्यास सक्त मनाई

खाणावळवाल्या मावशीच्या धाकट्याचे लग्न ज्या वर्षी तिसऱ्यांदा पुढे ढकलले गेले, त्याच वर्षी शहरात आणीबाणी लागू झाली. पहिल्या वेळी नवरीच्या आजोबांनी अंथरूण धरले होते. दुसऱ्या वेळी हॉलवाल्याने एकाच तारखेला दोन लग्ने घेऊन ठेवली आणि दुसऱ्या पार्टीचा मामा जास्त वजनदार निघाला. तिसऱ्या वेळी मात्र दोष कोणाचाच नव्हता. नवरा मुलगा सैन्यात होता आणि सैन्याच्या रजा बंद झाल्या होत्या.

आणीबाणीचे कारण साधेच होते. जलकेंद्राचा पंप बिघडला आणि नळाला पाणी येईना. आठवडाभर लोकांनी वाट पाहिली, मग रिकाम्या बादल्या घेऊन ते जलकेंद्राच्या फाटकापुढे ठाण मांडून बसले. सरकारने परिस्थितीचा अभ्यास केला. पंप दुरुस्त करायला महिना लागणार होता आणि लोक उठवायला एक सकाळ. सरकारने साहजिकच लवकर उरकणारे काम आधी हाती घेतले आणि सैन्य बोलावले.

सैन्य आले, रांगेत उभे राहिले आणि तिथेच घोटाळा झाला. पहिल्या जवानासमोर त्याची चुलती बसली होती. दुसऱ्यासमोर शाळेतल्या गणिताच्या बाई. तिसऱ्याच्या तर सासूबाईच होत्या आणि त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या की काठी उचलणे दूरच, त्याला नाक खाजवायचाही धीर होईना. हुकूम सुटला. एकही काठी हलली नाही. उलट एका जवानाने कुठूनशी सतरंजी आणून गणिताच्या बाईंना बसायला दिली.

चौकशी समितीने निष्कर्ष काढला की जवान शूर आहेत, आज्ञाधारक आहेत. त्यांच्यात उणीव एवढीच की ते इथले आहेत. शेजारच्या देशातही तेव्हा धान्यावरून गडबड चालली होती आणि तिथल्या सैन्यालाही हाच आजार जडला होता. तेव्हा दोन्ही सरकारांनी बसून परस्पर सहाय्याचा करार केला. आपल्याकडे गडबड झाली की त्यांचे सैन्य इकडे येणार, त्यांच्याकडे झाली की आपले तिकडे जाणार. अनोळखी माणसाच्या पाठीत काठी घालताना हात जड होत नाही, हे तत्त्व करारात सभ्य भाषेत घातले होते. त्याला 'निःपक्षपाती बळ' असे नाव होते.

त्याप्रमाणे मावशीचा धाकटा ट्रकमध्ये बसून तिकडे गेला आणि तिकडची एक तुकडी इकडे आली. आल्या सकाळीच तिने फाटक मोकळे केले. बऱ्याच लोकांची डोकी फुटली. परंतु ती परक्यांनी फोडलेली असल्याने कोणाच्याही मनात कटुता नाही, असे सरकारी पत्रकात जाहीर झाले.

मावशीच्या यजमानांना हा करार फार आवडला. त्यांनी पोस्टात जन्मभर शिक्के मारले होते, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. आता ते खाणावळीच्या गल्ल्यावर बसून पेपर वाचत आणि गिऱ्हाइकांना ऐकवत.

"बघ, आपली पोरं तिकडे गेली आणि तीन दिवसांत शांतता," ते म्हणाले. "याला म्हणतात शिस्त."

"शांतता झाली ना? मग येऊ दे त्याला घरी," मावशी पातेलं घासता घासता म्हणाली.

"असं कसं? ते निघाले की शांतताही निघेल."

"म्हणजे ती पण ट्रकमधूनच आली वाटतं."

"तुला राजकारण कळत नाही."

"मला तारीख कळते. हॉलवाला पुढच्या महिन्यातली देतोय. चौथ्यांदा विचारायला गेले तर तो मला खुर्चीसुद्धा देणार नाही."

कोपऱ्यातला रिक्षावाला म्हणाला, "मास्तर, तिकडे दोन म्हातारी माणसं गेली म्हणे मारात."

"काहीतरी केलंच असेल त्यांनी. उगाच कोण मारतं?" मास्तरांनी पान उलटले. "तू भात घे अजून."

आता तिकडून आलेल्या जवानांच्या जेवणाचे कंत्राट मावशीलाच मिळाले होते. मावशीला खरे नाव होते, पण ते शिधापत्रिकेबाहेर कोणी वापरले नव्हते. पाटीवरही 'मावशीची खाणावळ' एवढेच होते. त्यामुळे त्या जवानांनी इथला पहिला शब्द शिकला तो मावशी. त्यांच्यात एक ताडमाड जवान होता. खाणावळीत त्याला शिडी म्हणत. पहिल्या दिवशी त्याने ताटात भात तसाच टाकून दिला, तेव्हा मावशी त्याच्या डोक्यावर उभी राहिली.

"हे कोण संपवणार? तुझं सरकार?"

शिडीने मान खाली घालून भात संपवला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून ताट धुऊन ठेवू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला दुधवाला काका झाला, न्हावी दादा झाला आणि समोरच्या शिवणकामवालीने त्याला भाचा करून त्याच्याकडून पंख्यावरची धूळ पुसून घेतली. बाकीच्या तुकडीचीही हीच गत. मग एकदा टँकरच्या रांगेत ढकलाढकली झाली, हुकूम सुटला, तुकडी धावत आली, तेवढ्यात एका म्हातारीने "अरे भाच्या, जरा ही बादली धर रे," म्हटले आणि शिडीने ती धरली. पाहता पाहता सगळी तुकडी हातोहात बादल्या पोचवू लागली. त्या दिवशी शहरात प्रथमच सर्वांना सारखे पाणी मिळाले आणि सरकारमध्ये हाहाकार उडाला.

दुसऱ्याच दिवशी समन्वय अधिकारी खाणावळीत आले. दोन्ही सैन्यांच्या मध्ये बसून काहीही बिघडू न देणे हे त्यांचे काम होते.

"मावशी, एक चहा," ते म्हणाले, आणि चहा आल्यावर गंभीर झाले. "हे बघा बाई, यापुढे जवानांनी तुम्हाला मावशी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"भोजन पुरवठादार."

"तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"मी इथला आहे. मी कोणाला मारणार नाही. मला चालतं."

"आणि मी त्यांना काय म्हणू? पोरं आहेत ती."

"मित्रराष्ट्र कर्मचारी."

"मित्रराष्ट्र कर्मचारी, आमटी वाढू का, असं विचारू?"

"विचारा. फक्त आवाजात माया नको."

पुढे दोन्ही देशांनी एकाच दिवशी तसा कायदाच केला. दगड आला तर जवानाला ढाल आडवी धरता येते, पण मामा, काका, बाळा असे शब्द आले तर त्यांना आडवे काय धरणार? म्हणून बंदोबस्तावरच्या जवानाला नात्याने हाक मारणे हा 'नातेवाचक हल्ला' ठरला. एकदा समज, नंतर काठी.

शिडी जेवायला आला तेव्हा कोपऱ्यात अधिकारी बसले होते. "भोजन पुरवठादार, भात," तो खाली बघत म्हणाला. मावशीने दुप्पट भात वाढला. त्याने तो सगळा संपवला.

एव्हाना पंप दुरुस्त होऊन नळाला पाणीही आले होते. मावशी नवे पातळ नेसून अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेली.

"साहेब, पाणी आलं. आता आणीबाणी उठवा आणि माझ्या पोराला सोडा. लग्न आहे त्याचं."

"पाणी आलं, पण त्यांचं सैन्य इथं आहे ना. देशात परकं सैन्य असताना सगळं सुरळीत आहे असं कसं म्हणणार?"

"मग त्यांना परत पाठवा."

"आणीबाणीत सैन्य परत पाठवता येत नाही."

मावशीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बरं, ते राहू दे. माझ्या मुलाचं तरी सांगा. तो तिकडे काय करतोय?"

"तो त्यांची आणीबाणी आहे," अधिकारी समजुतीने म्हणाले. "आधी कोणी माघार घ्यायची हे ठरत नाही, म्हणून कोणीच घेत नाही. तुमच्या मुलासारखीच तिकडेही लग्नं अडलीत. या बाबतीत पूर्ण समानता आहे."

यातून मार्ग काढला तो तज्ज्ञांनीच. त्यांच्या लक्षात आले की इकडे आलेली तुकडी पार नातेदूषित झाली असून तिचा आता काही उपयोग नाही. आपली तुकडी मात्र तिकडे कायदा कडक पाळल्यामुळे तावूनसुलाखून निघाली होती. कोणी बाळा म्हटले की तिचा हात आपोआप वर जात होता. इतक्या महिन्यांत तिला घराची सवयही राहिली नव्हती. थोडक्यात, ज्या गुणासाठी परके सैन्य आणायचे तो गुण आता आपल्याच सैन्यात आला होता. तुकडीला 'स्वदेशी वापरास योग्य' असा दाखला मिळाला. करार यशस्वी झाल्याचे जाहीर झाले आणि तुकड्या आपापल्या घरी निघाल्या.

शिडी निघताना मावशीने त्याला डबा बांधून दिला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि अधिकारी पाठमोरे आहेत असे बघून, ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात तो जे म्हणाला, त्याबद्दल त्याला नुसती समज मिळाली असती.

धाकटा आला. त्याच संध्याकाळी तो खाणावळीत जेवायला बसला, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बाई, भात," तो म्हणाला.

मावशी हसली. "बाई काय रे? डोकं फिरलं का?"

"सवय आहे. ती मोडायची नाही असा हुकूम आहे."

"घरात कसला हुकूम?"

त्याने ताटातला कण न् कण संपवला, ताट जागेवर ठेवले आणि बरॅकीत झोपायला गेला. मास्तर म्हणाले, "पोरगं सुधारलं." मावशी हॉलवाल्याकडे जाऊन तारीख पक्की करून आली. लग्न झालं की बायको आणील ताळ्यावर, असे तिने मनाशी धरले.

लग्नाला दहा-बारा दिवस असताना पंप पुन्हा बिघडला. लोक पुन्हा बादल्या घेऊन फाटकापुढे बसले आणि सैन्य पुन्हा बोलावले गेले. या वेळी कोणीही घाबरले नाही, कारण सैन्य आपले होते.

खाणावळीत चुलीवर चढवायला पाणी नव्हते. गुरुवारी सकाळी मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दोन बादल्या उचलल्या.

"पाण्याला जाताय की बारशाला?" मावशीने विचारले.

"पोरगा फाटकावर आहे. चार लोकांना दाखवायला नको? काही म्हण, परक्यांपेक्षा आपली पोरं बरी."

"लांबूनच बघा."

मास्तर लांबून बघणाऱ्यांतले नव्हते. ते माणसांमधून वाट काढत थेट पुढे गेले, रांगेत डावीकडून पाचव्या जवानासमोर उभे राहिले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले, "बाळा, पाणी कधी सुटणार रे?"

धाकट्याने समोर बघत एकदा समज दिली. "मागे व्हा."

"अरे, मी आहे बाळा," मास्तर म्हणाले.

हुकूम सुटला. या वेळी सगळ्या काठ्या एकदम हलल्या. शेजारच्या देशाचे शिष्टमंडळ ते बघायला मुद्दाम आले होते. त्यांनी वह्यांमध्ये टिपणे घेतली. मास्तरांना लागलेली काठी नेमकी कोणाची, ते चौकशीत निघाले नाही. रांगेतल्या सगळ्या काठ्या एकाच मापाच्या होत्या.

पेपरात मोठ्या अक्षरांत बातमी आली की झाल्या प्रकारात कोणताही परकीय हात नाही, कारवाई संपूर्णपणे आपल्याच जवानांनी पार पाडली. ती वाचून शहराला हायसे वाटले. आपल्यालाही वाटले असेल तर संकोच मानू नये. मास्तर असते तर त्यांनी ती गल्ल्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली असती.

धाकट्याला, अर्ज न करता, तेरा दिवसांची रजा मिळाली.

मास्तर त्याच गुरुवारी दुपारी, एरवी नळाला पाणी येते त्या सुमारास, सरकारी दवाखान्यात वारले.