पिंगळ्याची दीर्घिका

एका जंगलात, बाळांनो, भिकोबा नावाचा एक पिंगळा राहत होता. पिंगळा म्हणजे लहानखुरं घुबड. सिंहमहाराजांनी त्याला वडाची ढोली दिली होती, ती आकाश बघण्यासाठी. बायको, तीन पिल्लं, सगळे तिथेच.

बरं चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या जंगलाला एक दीर्घिका सापडली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं भलंमोठं गाव. त्यांची होती जिलबीसारखी, वेटोळ्यावेटोळ्यांची. झालं, आपल्या महाराजांची झोप उडाली.

"भिकोबा, आठ दिवसांत आपलीही दीर्घिका पाहिजे. नाहीतर ढोली पोपटाला देतो. तो निदान बोलतो तरी छान."

भिकोबाला सापडली. पण कसली, तर अंड्यासारखी. वेटोळी नाहीत, नक्षी नाही. बिचारा रडकुंडीला आला. पिल्लांना घेऊन जायचं कुठे? पण खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दिसलं तसं त्याने पिंपळपानावर लिहिलं आणि दरबारात उभा राहिला.

"महाराज, ही फार लांब आहे. तिचा उजेड तिथून निघाला, तेव्हा आपलं जंगलही नव्हतं."

"म्हणजे जुनं घराणं," हत्तीदिवाण म्हणाले. त्यांचं स्वतःचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तारे बहुतेक म्हातारे, तांबूस पडलेले. धूळ आणि वायू जवळजवळ नाहीच. त्यामुळे नवे तारे जन्मत नाहीत."

दरबारातली म्हातारी मंडळी सावरून बसली.

"आणि फिरतात कसे?" दिवाणांनी विचारलं.

"सगळे एका दिशेने नाही. प्रत्येकाची वाट वेगळी."

"अगदी आपलं मंत्रिमंडळ," म्हणताना दिवाणांना गहिवरून आलं.

महाराज पुढे सरकले. "उजेड कुठे जास्त?"

"मधोमध, महाराज. कडेला जाता जाता अंधूक होतो."

"वा. याला म्हणतात आदर्श राज्य."

लगेच ठराव झाले. अंडं हे राजचिन्ह. तरुणांना दरबार बंद. भिकोबाला ढोली कायमची.

"अजून काही लिहिलंय का रे?" महाराजांनी विचारलं.

लिहिलं होतं. सगळ्यात खाली. 'नवे तारे नसल्याने ही दीर्घिका हळूहळू विझत चालली आहे.'

भिकोबाने त्या ओळीवर पाय ठेवला.

"काही नाही महाराज. खाली माझी सही आहे."

त्या दिवशी पिल्लं आपल्याच ढोलीत गाढ झोपली.

तात्पर्य: नेहमी खरंच बोलावं. खरं बोलणाऱ्याचं घर टिकतं. फक्त पाय कुठे ठेवायचा, तेवढं कळायला हवं.