वामनकाकाजी घरात आग आणतात

आमच्या शेजारचे वामनकाकाजी देवापुढे निरांजन लावतात तेव्हा बाजूला रेतीची बादली ठेवतात. आरती संपेपर्यंत त्यांचं लक्ष देवाकडे नसतं, वातीकडे असतं. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत मांडवातून बाहेर पडायच्या वाटा मोजून येतात. कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की पहिला प्रश्न: "पाणी कुठं हाय?" यजमान पेला घेऊन धावतात. काकाजींना टाकी पाहायची असते.

त्यांची तरी काय चूक? तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेला माणूस. कापसाच्या डोंगरापाशी उभं राहून मजुरांच्या कानामागची बिडी काढून घेणं, हीच नोकरी. अशा माणसानं मागच्या हिवाळ्यात चक्क बैठकीत फायरप्लेस बसवायचं काढलं, तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला. वर्ध्यात, महाराज! जिथे मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते!

कारण होत्या काकू. लकव्यानं डावी बाजू गेली आणि तेव्हापासून त्यांच्या अंगातली थंडी निघेना. अंगणातल्या शेकोटीपर्यंत जाता येईना. विजेचा हीटर आणला, पण नेमकी थंडी पडली की लाईट जायची. मग एके दुपारी त्यांनी कामवालीकडून घमेलंभर निखारे मागवले, खाटेखाली ठेवले आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. काकाजी बाजारातून आले तेव्हा काकू हाकेला ओ देत नव्हत्या. दारं उघडली, ओसरीवर आणून निजवलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. आणि उघडताच म्हणाल्या, "थंडी वाजली का मी पुन्हा मांगीन."

तिसऱ्या दिवशी काकाजी मला म्हणाले, "आग येनारच असन, तं तिले वर जायाले रस्ता पाह्यजे."

दिल्लीहून फायरप्लेसची कारखान्यात बनलेली लोखंडी पेटी निघाली, सोबत दुहेरी पत्र्याची धुराची नळी. ट्रकवाल्यानं सगळं जाम गावच्या चौफुलीवर उतरवलं. तिथून टेम्पोत काकाजी पेटीवर हात ठेवून बसून आले, नवरी आणावी तसे. सोबतचं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्यातलं एक वाक्य खडूनं भिंतीवर लिहून घेतलं: नळीच्या चारी अंगांनी लाकडापासून दोन इंच जागा, आत फक्त हवा. छप्पर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, खालचे वासे सागवानी. पुतण्यानं भाव चढेपर्यंत मागच्या खोलीत टाकलेला रोहण्याच्या शेतातला कापूस त्यांनी आधी घराबाहेर काढायला लावला.

गजानन मिस्त्रीला ती हवा काही पटेना. "मोकळी जागा कायले सोडता काकाजी? खारी घुसतीन."

चौथ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, काम फत्ते. काकूंची खुर्ची समोर आली. काकाजींनी काडी काढली, पुन्हा काडेपेटीत ठेवली, टॉर्च घेतला आणि माझ्या शिडीवर चढले. वय बहात्तर. शिडी मी धरलेली.

वर टॉर्चचा उजेड नळीभोवती फिरत होता. मग माझ्या डोक्यावर काहीतरी मऊ पडलं. कापसाचा पुंजका.

"मिस्त्री, हे काय हाय?"

मिस्त्री खुशीत. "पोकळी भरली ना काकाजी. खोली खाली करताना दोन कवळे कापूस बाजूले ठेवला होता. चांगला ठासला."

मला वाटलं, आता मिस्त्री मेला. काकाजी खाली उतरले, शेवटच्या पायरीवर बसले. चेहरा चुन्यासारखा. मी मनात म्हटलं, संपलं, उद्या पेटी परत. काकूंनी शाल गळ्यापर्यंत ओढली. तेवढं काकाजींनी पाहिलं आणि पुन्हा शिडी चढले. बोटानं एकेक पुंजका उपसला, रिकाम्या जागेत चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. खारींसाठी मिस्त्रीकडून पत्र्याचं झाकण बसवून घेतलं. दिवेलागणीला काडी ओढली. धूर सुतासारखा सरळ वर गेला.

सगळे पांगले. मी शिडी न्यायला परत आलो, तर काकूंची खुर्ची आगीजवळ ओढलेली, डावा हात खुर्चीच्या दांडीवर. काकाजी जमिनीवर उकिडवे, आपला पंजा बरोब्बर त्या हाताशेजारी धरून.

"काकाजी, भाजन ना."

"तिच्या या हाताले चटका समजत नाई," ते हळूच म्हणाले. "माह्या हाताले लागला का कळते."

काकूंचे डोळे मिटले होते. थोड्या वेळानं काकाजींनी बोटं झटकली, खुर्ची चार बोटं मागे ओढली, आणि हात पुन्हा तिथेच धरला.