कोंबडीबद्दल वजा चाळीस

एखादी वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली, ते काम तिला कधीही करू न देणं, यालाच संस्कृती म्हणतात. पुष्कळांना हे उशिरा कळतं. ओहायोतल्या आमच्या बीचर जिल्ह्याच्या जुनी लष्करी बंदूक संग्राहक मंडळाला ते स्थापनेच्या दिवशीच कळलं होतं.

लष्करानं मोडीत काढलेल्या बंदुका आम्ही पारखतो. दर मार्चमध्ये, जत्रेच्या मैदानावर, डुकरांच्या मंडपात. (ऑगस्टमध्ये तिथे डुकरांची पारख होते. त्यांचे परीक्षक आमच्याहून मवाळ असतात. वस्तू हसतखेळत हाताळतात.) एकूण गुण शंभर. कारखान्याचे ठसे शाबूत असल्यास तीस. सगळे भाग एकाच काळातले असल्यास तीस. मूळ, कधीही न पुसलेल्या मळाबद्दल पंचवीस. उरलेले पंधरा शांत स्वभावाबद्दल, म्हणजे बंदूक कुणावरही झाडलेली नसल्याबद्दल.

आदर्श बंदूक कशी असावी? कारखान्यात जन्मली, वंगणात न्हाली, पेटीत निजली, आणि लढाई लागली कधी, सरली कधी, तिच्या कानावरही गेलं नाही. लग्न लागलं पण सासर पाहिलं नाही, अशी नवरी. तिच्यापुढे आम्ही टोप्या काढतो.

लढाईवर गेलेल्या बंदुकांची मात्र आम्हाला कीव येते. एका पाहणीनुसार (पाहणी मीच केली, कॉफी निवेपर्यंत) अशा बंदुकांपैकी शंभर टक्के बंदुकांना लढाईपायी काही ना काही इजा झालेली आढळते. लोक काळजी घेत नाहीत.

यंदा व्हर्जिल स्टुट्झमन आपली बंदूक गोधडीत गुंडाळून घेऊन आला. व्हर्जिल अंडी विकतो. तरुणपणी कोरियाच्या लढाईत होता. गेल्या वर्षी याच मंडपात, विक्रीच्या टेबलावर, त्यानं एका बंदुकीचा क्रमांक वाचला आणि तो गवताच्या गठ्ठ्यावर मटकन खाली बसला. सैन्यात पोरांकडून बंदुकीचा क्रमांक असा घोकून घेत, की आईचं नाव विसरावं पण तो नाही. चाळीस वर्षांनी, दोन समुद्र फिरून, त्याचीच बंदूक त्याच्यापुढे आली होती. त्यानं ती घरी नेली.

आता त्याला ती जिल्ह्याच्या संग्रहालयात द्यायची होती. तिथे कोरियाच्या लढाईसाठी काचेची नवी पेटी झाली आहे. जागा एकाच बंदुकीची, आणि आमच्या शिक्क्याशिवाय संग्रहालय टाचणीही घेत नाही.

व्हर्जिलचा जीव बंदुकीत नव्हता, तिच्या लाकडी दस्त्यावर कोरलेल्या कोंबडीत होता. ती खंदकातल्या त्याच्या सोबत्यानं, डेल प्रूइटनं कोरली होती. डेल अनाथाश्रमात वाढला. मागे फोटो नाही, भाऊबंद नाही, आणि तो परतही आला नाही. जगात त्याच्या हातचं म्हणून काही उरलं असेल, तर ही बोटभर कोंबडी. येणाऱ्याजाणाऱ्यानं ती पाहावी, एवढंच व्हर्जिलचं म्हणणं.

अध्यक्ष क्लेटन बोर्डनर यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि बंदूक हुंगली. तिला लिंबाचा वास येत होता. व्हर्जिलची बायको ऑपल हिनं, घराबाहेर जाणारी वस्तू मळकी जाऊ नये म्हणून, चर्चचे बाक पुसायच्या तेलानं ती लख्ख पुसली होती. मळाचे पंचवीस गुण जागीच गेले. (एक सदस्य बाहेर जाऊन उभे राहिले.)

मग भिंग कोंबडीवर आलं. कोंबडी नेमकी सरकारी निरीक्षकाच्या गोल ठशावर बसली होती, अंड्यावर बसावी तशी. डेलनं तो ठसा अंडं म्हणूनच वापरला होता.

"हे कुणी केलं?" बोर्डनरांनी विचारलं.

"डेलनं. मी खंदकात सारखा घरच्या कोंबड्यांचंच बोलायचो, म्हणून माझी थट्टा. डबा उघडायच्या पातीनं कोरत बसला होता. बोटं गारठू नयेत म्हणून, म्हणाला."

"लेखी परवानगी होती?"

"कोंबडीला?"

कोंबडीबद्दल वजा चाळीस झाले.

ही बंदूक त्याचीच कशावरून, हा पुढचा मुद्दा. आमचे भिंगवाले सदस्य मर्ल टॅकेट यांनी क्रमांक हातानं झाकला. व्हर्जिलनं डोळे मिटून, पोरं पाढे म्हणतात त्या चालीत, तो म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही. बोर्डनरांनी समजावलं की आठवण हा पुरावा नव्हे. शिवाय आठवणारा इसमही मूळ स्थितीत नाही. खुबा नंतर बसवलेला आहे आणि दात वेगळ्या काळातले आहेत.

त्यावर ऑपल बोलली. बोर्डनर लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत तिचे विद्यार्थी होते.

"क्लेटन, बाळा, माझे दोन्ही गुडघे नवे आहेत. मग याची बायको मी, की मूळची अजून पेटीत पडलीय?"

नियमावलीत याला उत्तर नसल्यानं सफरचंदाचा पाय (म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खाण्यासाठी थोडी विश्रांती घेण्यात आली. तो ऑपलनंच आणलेला असल्यानं त्यावर एकमत झालं.

मंडळ निर्दय नाही. आम्ही मार्ग सुचवला. मंडळाकडे त्या काळातला कोरा दस्ता आहे, ठसा ठसठशीत, गोदामातल्या मळासकट. तो बसवावा, बंदूक थेट पंच्याऐंशीवर जाईल आणि सोमवारी पेटीत लागेल.

"आणि मग पेटीत डेलचं काय राहील?" व्हर्जिलनं विचारलं.

"अस्सलपणा," बोर्डनर म्हणाले.

व्हर्जिलनं बंदूक पुन्हा गोधडीत गुंडाळली, झोपलेल्या लेकराला गुंडाळावं तशी. पेटीत सध्या बोर्डनरांची बंदूक आहे. गुण शंभर. ती ओहायोबाहेर कधी गेलेली नाही. खाली पाटी आहे: 'आमच्या मुलांनी कोरियात वाहिली ती हीच.'

व्हर्जिलची बंदूक आता त्याच्या स्वयंपाकघरात, अंड्यांच्या ट्रेवर टांगलेली असते. अंडी न्यायला आलेली माणसं कोंबडीवरून बोट फिरवतात आणि डेलचं नाव विचारतात. लाकूड तिथे गुळगुळीत होत चाललंय. आमच्या हिशेबानं तिचे गुण दर आठवड्याला घसरताहेत. मर्लही तिथेच असतो. त्या दिवशी सगळे सफरचंदाचा पाय खात असताना त्यानं हातमोजा काढून उघड्या अंगठ्यानं कोंबडी चाचपली होती. दुसऱ्याच दिवशी त्याचा राजीनामा आला.

आता तुम्ही विचाराल, ही कोंबडी डेलनंच कोरली कशावरून? व्हर्जिलनंच कोरली नसेल कशावरून? वाचता वाचता शंका तुमच्या मनात येऊन गेलीच असणार. मीही मघापासून तिचीच वाट पाहतोय. मर्लची खुर्ची रिकामी आहे. या, बसा. हातमोजे मंडळ देतं.