एकशे चौदा सहाशे

सलग तेविसाव्या सकाळी मिस्त्री वजनकाट्यावर उभे राहिले. त्यांनी श्वास सोडून पाहिला, खाली उतरून पुन्हा चढून पाहिलं, मग चष्म्याचंही वजन असतं हे आठवून तो काढून बायकोच्या हातात दिला.

"एकशे चौदा सहाशे," बायकोने वाचून सांगितलं, कारण चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नव्हता. "कालचाच."

पाच महिन्यांपूर्वी मिस्त्रींच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी जठर कापून इतकं लहान केलं होतं की आता त्यात अर्धी वाटी मावत होती, तीही चमच्याचमच्याने, प्रत्येक घास चावून चावून. सुरुवातीला एकशे एक्कावन्नवरून वजन भराभर उतरलं. मग एके दिवशी जे थांबलं ते हलेचना. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "असं होतं. शरीर थोडा दम खातंय. धीर धरा."

"मी काही खात नाही," मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणाले, "आणि शरीर माझ्या परस्पर दम खातंय."

धीर धरायला त्यांच्याकडे महिनाअखेरपर्यंतच वेळ होता. मिस्त्री ट्रक तोलायचे भुईकाटे दुरुस्त करत. अशा काट्याचं खरं काम त्याच्या खालच्या खड्ड्यात असतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते एका खड्ड्याच्या तोंडात कमरेशी अडकले होते. चार ड्रायव्हरांनी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. हसले तर सगळेच. तेव्हापासून मेहुणा खाली उतरायचा आणि मिस्त्री झाकणापाशी खुर्ची टाकून वरून सूचना द्यायचे. आता मेहुण्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. पहिल्या तारखेपासून खाली उतरायला कोणी नव्हतं. वीस वर्षं हाताने केलेलं काम हातातून जाणार, या धास्तीने मिस्त्रींची झोप उडाली होती आणि सगळा राग त्या आकड्यावर निघत होता.

शेवटी त्यांना काट्याचाच संशय आला. धंद्यातली वीस-वीस किलोंची प्रमाणित वजनं त्यांनी घरी आणली आणि एकावर एक रचून पाहिली. काटा तंतोतंत बरोबर निघाला.

"लोखंडाला बरोबर दाखवतो," मिस्त्रींनी निकाल दिला. "माणसाला नाही."

"मग तुमच्या त्या मोठ्या काट्यावर उभे राहा एकदाचे," बायको वैतागून म्हणाली.

ती चेष्टेने बोलली होती. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं.

त्याच दिवशी खडीच्या यार्डातल्या भुईकाट्याची तपासणी होती. मेहुणा दाढ काढायला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत यार्ड रिकामं होताच मिस्त्रींनी बूट काढले, खिसे रिकामे केले आणि साठ टनांच्या काट्यावर मधोमध जाऊन एकटेच उभे राहिले. काट्याच्या केबिनच्या खिडकीतल्या लाल आकड्यांनी थोडी चुळबुळ केली आणि ते स्थिरावले. एकशे दहा.

मिस्त्रींनी बायकोला फोन लावला. बायकोने आपल्या आईला लावला, मग नणंदेला, मग आहारतज्ज्ञ बाईंना.

यार्डाचे शेठ जेवून परतले तेव्हा मिस्त्रींना राहवलं नाही. "शेठ, गंमत दाखवतो," म्हणत ते पुन्हा काट्यावर चढले. या वेळी पायात बूट होते आणि हातात पाण्याची बाटली.

"एकशे वीस," शेठनी वाचलं. "यात गंमत काय?"

"मघाशी एकशे दहा होतं."

"अर्ध्या तासात दहा किलो? काय खाल्लंत?"

हा प्रश्न मिस्त्रींच्या वर्मी लागला. "तीन चमचे सूप," ते गंभीरपणे म्हणाले. "शेठ, तुमचा काटा बिघडलाय."

एव्हाना फाटकाशी तीन ट्रक येऊन उभे होते. पहिल्या ड्रायव्हरने ते नेमकं ऐकलं. "तरीच," तो म्हणाला, "मागच्या खेपेला माझा माल कमी भरला." दुसऱ्याला लगेच मागच्या चार खेपा आठवल्या. तिसऱ्याचा कशालाच आक्षेप नव्हता, पण तो हॉर्न वाजवत राहिला. शेठनी तोलाई बंद केली आणि मिस्त्रींकडे पाहिलं. "काटा उघडा. आत्ताच्या आत्ता."

मिस्त्रींनी मेहुण्याला फोन केला. त्याचा जबडा इंजेक्शनने बधिर झाला होता.

"भाअजी," तो कळवळून म्हणाला, "आली उतऊ अका."

"काय?"

"आली! उतऊ! अका!"

मिस्त्रींनी वैतागून फोन खिशात टाकला. हॉर्न वाजतच होता. त्यांनी झाकण उचललं, टॉर्च दातांत धरली आणि शिडीवर पाय ठेवला.

खाली त्यांनी चारही कोपरे तपासले. वायरी शाबूत होत्या, पाणी साचलेलं नव्हतं, कुठे खडा अडकला नव्हता. चौथ्या कोपऱ्यात उकिडवे बसले असताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा काटा दहा-दहा किलोंच्या पायरीने चालतो. एकशे चौदा सहाशेला तो एकशे दहाच म्हणणार, आणि बूट-बाटलीने एकशे पंधरा ओलांडले की एकशे वीस. वीस वर्षं त्यांनी स्वतः हे ड्रायव्हरांना समजावून सांगितलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठ," त्यांनी खालून हाक दिली. "काटा बरोबर आहे. माझं चुकलं."

शेठ वरून डोकावले. "मेहुणा आला वाटतं?"

"मेहुणा नाही. मी आहे."

"तुम्ही? तुम्ही खाली कसे गेलात?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. पावणेदोन फुटांचं ते चौकोनी तोंड होतं तेवढंच होतं. आपण त्यातून कधी आलो हेच त्यांना आठवेना. त्यांचे डोळे भरून आले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"अहो, आहारतज्ज्ञ बाई म्हणतात एका दिवसात साडेचार किलो शक्यच नाही," बायको म्हणाली. "मी तर सगळ्यांना सांगून बसले."

"एकशे चौदा सहाशेच आहे," मिस्त्री म्हणाले. "तसूभरही हललं नाही."

बायकोने उसासा टाकला. "असू दे. पण तुमचा आवाज असा काय घुमतोय? आहात कुठे?"

"खड्ड्यात."

बायकोने हळूच विचारलं, "उतरताना लागलं का कुठे?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "कुठेच लागलं नाही."