परशूअण्णांचं नाक

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात लिहायला घेतलंय ते एका दारूच्या शौकिनाबद्दल. मी स्वतः पीत नाही. आईला वाचता येत नाही, पण कुणीतरी तिला हे वाचून दाखवेलच, म्हणून ते वाक्य आधीच घालून ठेवलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

परशूअण्णांच्या घरी रविवारी सकाळी देवाला उदबत्ती लागत नाही. फोडणी बंद, चुलीवर फक्त पाणी. अण्णा अंगाला साबण लावत नाहीत, डोक्याला तेल लावत नाहीत, नुसत्या पाण्यानं आंघोळ करून धुतलेला सदरा घालतात आणि घरापुढच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, पाट मांडून बसतात. का, तर ते त्या दिवशी स्कॉच व्हिस्की घेतात. दोन चमचे. आठवड्यात तेवढीच. पण त्या दोन चमच्यांच्या आड दुसरा कुठलाही वास आलेला त्यांना खपत नाही.

"देवाला थांबवून दारू हुंगणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात दुसरा न्हाई," सुभद्राक्का म्हणायच्या. सुभद्राक्का म्हणजे अण्णांच्या बायको. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक कुंपण आणि एक फणस आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं आम्हाला रोज ऐकू येतं.

अण्णा पूर्वी मालवाहू जहाजावर आचारी होते. एकदा जहाज बिघडून स्कॉटलंडच्या एका बंदरात अडकलं. तिथला कुणी म्हातारा त्यांना जवळच्या दारूच्या भट्टीवर घेऊन गेला. भट्टी म्हटल्यावर अण्णांच्या डोळ्यांपुढे आपल्या रानातली भट्टी, पत्र्याचा डबा आणि पळायला तयार असलेली माणसं आली. तिथे मात्र लोक पाणथळ जागेतली काळी माती शेणीसारखी वाळवून जाळत होते आणि तिच्या धुरावर जव सुकवत होते. अण्णांनी तो धूर ओढला आणि दारातच उभे राहिले. "अरे, ह्यो तर आमच्या घोंगड्याचा वास!" पावसात भिजलेलं घोंगडं चुलीवर वाळत घातलं की येतो, तो. इतक्या लांब, एवढ्या थंडीत, कुणाची ओळख नाही, आणि घरचा वास. तेव्हापासून अण्णा स्कॉचचे झाले. नोकरी संपवून आमच्या गावी, गुंदला, परतले तेव्हा ट्रंकेत कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. अजूनही जुने जहाजावरचे सोबती कधीमधी एखादी पाठवतात.

त्यांची पद्धत सांगतो. पेला बुडाला फुगीर आणि तोंडाला निमुळता, कमळाच्या कळीसारखा. आधी नुसतं बघायचं. मग पेला तिरका धरून, तोंड थोडं उघडं ठेवून, वास. नाक आत खुपसायचं नाही. "घाई न्हाई. पावन्याच्या घरात शिरल्यागत शिरायचं, आधी उंबऱ्यावर थांबायचं." मग झऱ्याच्या पाण्याचे दोन थेंब. त्यानं ती उमलते. मग जिभेवर चव. आणि गिळल्यानंतर घशात मागे जे रेंगाळतं, त्याला अण्णा पाठवणी म्हणत. "पोरगी गेली, पर मांडवात तिचा आवाज हाय अजून. ती पाठवणी."

या सोहळ्याला दोन माणसं ठरलेली. एक मी. मला फक्त हुंगायची परवानगी होती, ती आईनं दिलेली. दुसरे तम्माण्णा, जंगलखात्यातून निवृत्त झालेले वॉचर. तम्माण्णांना एक चमचा मिळायचा आणि तो ते गोळीसारखा टाकायचे.

"काय कळलं?" अण्णा विचारायचे.

"खाली गेली. गरम वाटलं."

"लेका, तुला दारू न्हाई, शेगडी पायजे."

"मग शेगडीच आण की परशा. तिला एवढी पूजा तरी लागत न्हाई."

एकदा आई मला हाक मारायला आली. मुलगा नेमकं काय करतो ते बघायचंच होतं तिला. अण्णांनी आदरानं पेला पुढे केला. आईनं पदर नाकाला लावून लांबूनच हुंगलं आणि म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीसारखा येतोय." अण्णा पाटावरून उठले. "वैनी, परत म्हना." आई घाबरली, तिला वाटलं काहीतरी वावगं बोलले. पण अण्णांनी तम्माण्णांना हलवून सांगितलं, "ऐकलंस? शेपा, ओवा, निखारा. मी इतकी वर्सं हुडकत हुतो ह्यो शब्द!" त्यानंतर त्या बाटलीचं नावच बाळंतीण पडलं.

गणेशगुडीच्या एका लॉजवर पाहुणे वाढले की अण्णांना मासे करायला बोलावत. तिथे एका पाहुण्यानं उंची स्कॉचमध्ये काळा सोडा ओतलेला त्यांनी बघितला. अण्णांनी कमरेचा पंचा सोडला, गॅस बंद केला आणि जेट्टीवर जाऊन बसले. मालक मागे धावत आला. पाहुणे भुकेले, मासे कच्चे. शेवटी तो पाहुणा स्वतः आला. "काका, चुकलं काय?" अण्णा म्हणाले, "साहेब, तिनं लाकडी पिंपात वर्सानुवर्सं दम काढलाय. तुम्हाला पाच मिनटं दम निघत न्हाई?" मग त्याला नदीकाठी बसवून दोन थेंबांनी प्यायला लावलं. मासे दीड तास उशिरा झाले. पाहुणा खूश झाला. मालकानं मात्र नंतर बरेच दिवस बोलावलं नाही.

श्रावणात अण्णांना ताप आला. आठ-दहा दिवस झोपून होते, मग उठले. मी बेळगावला हॉस्टेलवर असतो. शनिवारच्या बसनं घरी आलो की रविवारी जगलीवर हजर. अण्णा थोडे वाळले होते, बाकी सगळं पहिल्यासारखं. फक्त एक बदल. आता ते पेला आधी माझ्याकडे देत. "तू सांग आधी." मी भीत भीत म्हणायचो, जांभळासारखं काहीतरी, मेण, ओली लाकडं. अण्णा डोळे मिटून म्हणायचे, "बरोबर." मला वाटायचं मी शिकलो. हॉस्टेलवर परतताना छाती फुगलेली असायची. एकदा तम्माण्णासुद्धा "धूर" म्हणाले आणि अण्णा त्यांनाही "बरोबर" म्हणाले. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.

मग भात पोटरीला आलं आणि राखण द्यायची वेळ आली. आमच्याकडे शेताच्या कडेला झाडाखाली राखणदार, म्हणजे शेताचा देव, असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, रोटी, विडी आणि दारू द्यायची. मग तो पिकात डुकरं शिरू देत नाही, रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. दारू गावठीच असते आणि ती आणायचं काम तम्माण्णांचं. त्या वर्षी तम्माण्णा विसरले. कोंबडा कापून झाला, माणसं झाडाखाली थांबलेली, अण्णा अशक्तपणामुळे घरात झोपलेले. सुभद्राक्कांनी कपाट उघडलं. पाच-सहा बाटल्या होत्या. नवीन दिसणारीला हात लावायचं धाडस होईना. शेवटी त्यांना एक अर्धी बाटली दिसली. तिच्यावर अठरा आकडा होता, आणि पुढचं इंग्रजी त्यांनी मला वाचायला लावलं.

"अठरा वर्षं," मी म्हणालो.

"अठरा वर्सं पडून हाय? मग हीच घे. खराब हुयाच्या आत देवाच्या तरी कामाला येऊ दे."

मी बोलायच्या आत त्या निघाल्या होत्या. राखणदाराला त्या वर्षी जे मिळालं ते त्याच्या कुठल्याही भाऊबंदाला मिळालं नसेल. तम्माण्णांनी ओतलं, ओतताना थांबले, बाटली हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "अय्यो," म्हणाले. "आता परशा आपल्यालाच झाडाखाली बसवतोय."

घरी आल्यावर ती बाटली किती मोलाची होती ते अक्कांना समजलं. त्यांनी कोरा चहा केला, बिनसाखरेचा, पंच्यातून तीनदा गाळला आणि आधी दारू होती तिथपर्यंत बाटलीत भरला. रंग अगदी तोच दिसत होता. "थोडं दिवस तरी ढकलू," म्हणाल्या. "बरं वाटू दे त्यांना. मग मीच सांगते."

पण त्या रविवारी अण्णांनी नेमकी तीच बाटली काढली. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या. अण्णांनी पेल्यात दोन चमचे घेतले, माझ्याकडे दिले. "सांग."

चहाचा वास येत होता. सरळ, स्वच्छ, आमच्या घरच्यासारखा चहा. मी पेला तसाच तम्माण्णांकडे सरकवला. तम्माण्णांनी पेला घेतला, हुंगला आणि खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले.

अण्णांनी पेला परत घेतला. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं ठेवलं. "हां," ते म्हणाले. "धूर. मागनं मध. लांब कुठंतरी समुद्र." आम्ही तिघं ऐकत होतो. "बाळंतिणीची बहीण शोभती ही."

मला आधी हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. अक्कांनी शिव्या ऐकायची तयारी केली होती. शिव्या आल्या नाहीत तशा त्या हळूहळू खाली बसल्या.

मग अण्णांनी घोट घेतला. जिभेवर जाळ झाला नाही. घोट तसाच तोंडात धरून ते थोडा वेळ बसले. आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग सगळा पेला पिऊन टाकला आणि खाली ठेवला.

"सुभद्रे," ते म्हणाले, "साखर घालायची हुतीस की."

ताप उतरला तेव्हापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनी जेवण केलं की अंदाजानं "आज सार फक्कड" म्हणायचे. तम्माण्णा तणतणले, "मग सांगायला काय झालं हुतं? आम्ही काय परके?"

अण्णा पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "नाक गेलं म्हनलो असतो तर तुम्ही कशाला आला असता? ह्यो बेळगावला शिकतोय, तुला तुझी नातवंडं हायत. आमाला पोरबाळ न्हाई. रविवारी तेवढं दार वाजतंय."

अक्का उसळल्या. "मी काय तुमच्या नाकासंगं लगीन लावलंतं व्हय?"

त्यानंतर मी अण्णांना बेळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा नाही येणार, खात्री देता येत नाही. नाकाला आठवण करून देत राहा. लवंग, लिंबू, निलगिरी असं काही रोज सकाळ-संध्याकाळ हुंगा. परतीच्या बसमध्ये अण्णा रामनगरपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "न्हाई आला, तर वेलदोडा काय आनी शेण काय, सगळं सारखंच. जेवान म्हंजे नुस्तं चावायचं." मी त्यांची पिशवी मांडीवर घेतली.

रविवार बंद पडला नाही. पाट मांडला जायचा, पेल्यात व्हिस्कीऐवजी लवंग असायची. आता अण्णा हुंगायचे आणि आम्ही सांगायचो.

"लवंगेला लवंगेचा वास येतोय," तम्माण्णा म्हणायचे.

"तसं न्हवं. कशासारखा?"

तम्माण्णांना घाम फुटायचा. जन्मभर रानात हिंडलेला माणूस, पण शब्द सापडायचा नाही. एकदा खूप वेळ विचार करून म्हणाले, "दाढ दुखताना आई जवळ बसती, तसा." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. माझी आई कुंपणावरून ओरडून सांगायची. अक्का स्वयंपाकघरातून सांगायच्या. एवढी माणसं त्या जगलीवर पूर्वी कधी जमत नव्हती. पण वास येत नव्हता. कपाटाला अण्णांनी कुलूप घातलं. दिवाळी गेली, भात कापून झालं, आणि माझ्या परीक्षा आल्या म्हणून माझं घरी जाणं थांबलं.

काल पेपर देऊन बाहेर आलो. मोबाइल सुरू केला तर तम्माण्णांच्या नंबरवरून एकामागून एक कॉल येऊन गेलेले. गुंदला रेंज नाही. फोन करायचा तर चालत वळणावर यावं लागतं. एवढं चालून कुणी एवढ्या वेळा फोन करतं म्हणजे काय असेल, असं वाटलं. मी तिथेच पायरीवर बसून परत फोन लावला.

पलीकडे सुभद्राक्का होत्या. धाप लागलेली. आधी रडल्या, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"अक्का, अण्णा बरे हायत न्हवं?"

"बरे? ओरडायलेत मला! अंगणातनं ओरडले, सुभद्रे, भात खाली लागला! मी पळत आत गेले, बघते तर खरंच लागला हुता रे. मी पातेलं उतरायला गेले तर माझा हात धरला. उतरू नको म्हनाले. राहू दे. मग आम्ही दोघंबी चुलीपुढं बसलो. करपू दिला सगळा. कोळसा झाला. ते हुंगायलेत आनी मी रडायले, आनी धूर बघून तम्माण्णा घागर घेऊन पळत आला, घराला आग लागली म्हनून."

मागून तम्माण्णांचा आवाज आला, "सगळं पाणी चुलीत ओतलो मी!"

हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. नाक पुसत मी कसंबसं विचारलं, "आता अण्णा कुठं हायत?"

"घरातच. पातेलं मांडीवर घेऊन बसलेत, घासायला देईनात," अक्का म्हणाल्या. "आता परत जाऊन तुझ्या आईकडंच भात मागते बाबा. आज आमच्याकडं जेवान न्हाई."