जळक्या गालिच्याची खोली

तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही, साहेब. चोर निदान घरात शिरून चहा पीत नाही. तुमचा माणूस चहा प्याला, जर्दाळू खाल्ले, आणि सावरिनिसो बीबीचं छप्पर घेऊन गेला.

संगदरा गाव धरणाच्या पाण्याखाली जायचं हे ठरलेलंच होतं. अकरा घरं वर खडकाळ पठारावर हलायची. गाव बुडाल्याने कुणाचं काय बिघडेल ते मोजायला राजधानीतून दिलोवर नावाचा तरुण अधिकारी येणार होता. जी घरं दुर्बल ठरतील त्यांना वर बांधून दिलेलं घर. बाकीच्यांना नुसते दगडधोंडे, बांधा तुमचं तुम्ही. हा नियम फॉर्मच्या मागच्या पानावर होता. गावाला मात्र एवढंच कळवलं होतं की राजधानीतून पाहुणा येतोय.

पाहुणा म्हटल्यावर बीबी रडायलाच बसली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. एक गळकी खोली, दोन विरलेल्या गाद्या आणि दुखरे गुडघे.

"रडतेस काय?" शेजारीण मोहबेगिम दारात उभी. डोक्यावर सहा गाद्या, मागे दोन सुना लाल गालिचा खांद्यावर घेऊन. "उघड्या जमिनीवर पाहुणा बसवलास तर खालचं गाव आपल्या तोंडावर थुंकेल."

"अगं, पण हा तुझ्या सासऱ्याचा गालिचा!"

"त्यानेच कोपरा जाळलाय, शेगडी उलथून. तेवढ्यावर तू बस, झाकला जाईल. तशी पुरेशी रुंद आहेस."

"तुझ्यापेक्षा दोन वीत कमीच गं!"

दिलोवर आला. बीबी चहा ओतायला उठली आणि जळका कोपरा उघडा पडला. त्याने तो नीट पाहिला, काहीतरी लिहिलं.

"बीबी, धरणामुळे काही अडचण?"

पाहुण्यापुढे रडगाणं गायचं? "देवाची कृपा आहे, बेटा. कशाला काही कमी नाही. तू खा बघू. नानचा तुकडासुद्धा मोडला नाहीस."

त्याने 'सुस्थित'समोर खूण केली.

तो पुढच्या दारात जोडे घालत होता तोवर गालिचा मागच्या खिडकीतून शेजारी पोचला. मग त्याच्या शेजारी. नवव्या घरी दिलोवर बसला तो थेट ओल्यावर. आठव्या घरी त्याच्याच हातून सांडलेला चहा होता तो. शहरातला सभ्य मुलगा. ओल्या पँटने अकरा घरं पुरी केली.

महिन्याने यादी लागली. अकराच्या अकरा घरं सुस्थित! ज्यांच्याकडे मुलगे होते त्यांनी शिव्या देत दगड फोडायला घेतले. बीबी काठी टेकत जिल्ह्याच्या कचेरीत गेली. सोबत मोहबेगिम.

"साहेब, तो गालिचा माझा नव्हता," बीबी म्हणाली.

"मग कुणाचा?"

"माझा," मोहबेगिम म्हणाली. "गावात एकच आहे."

कचेरीतल्या साहेबाने अहवाल उघडला. "इथे अकरा आहेत. सगळ्यांच्या एका कोपऱ्यावर जळकी नक्षी. दुर्मिळ लोककला असं लिहिलंय. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर गालिचे अकरा आहेत, नाहीतर अकरा घरांनी सरकारी माणसाला फसवलंय. फसवलं असेल तर सगळ्यांच्या जागा रद्द. बोला आजीबाई, गालिचे किती?"

मोहबेगिमने ओढणीचा पदर तोंडात धरला. तिच्या दोन्ही मुलांनी वर पाया खोदला होता. बीबीने तिच्याकडे पाहिलं, मग साहेबाकडे.

"अकरा," बीबी म्हणाली.

परतीच्या वाटेवर मोहबेगिम रडली. "माझ्याकडे ये राहायला."

"तुम्ही सहाजण एका तंबूत. मला काय दोरीवर वाळत घालणार?"

पठारावर पहिली पक्की इमारत उभी राहिली ती लोककला संग्रहालयाची. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आत शेगडी. गालिच्याला दमट हवा बाधते ना! अकरांतला एक नमुना द्या म्हणाले. मोहबेगिमने होता तो दिला. उरलेले दहा घरोघरी जपून ठेवलेत, असं अहवालात आलं. राखणदार हवा अशी पाटी लागली, रात्री शेगडीपाशी झोपायची सोय. बीबीने अर्ज केला. दोन दिवसांत उत्तर आलं: ही जागा दुर्बल कुटुंबांसाठी राखीव आहे. अर्जदार सुस्थित आहे.

पाणी आता जुन्या मशिदीच्या पायरीला लागलंय. पठारावर बर्फ पडायला तीन आठवडे उरलेत. बीबी त्या इमारतीच्या मागच्या भिंतीला टेकून बसते, कारण शेगडीमुळे ती बाजू कोमट असते. परवा दिलोवर तपासणीला आला. तिने पदर झटकून त्याच्यासाठी एक दगड पुसला, आणि वर म्हणाली, "बस बेटा. आज गालिचा नाही, माफ कर."

तो उभाच राहिला. दगडाकडे बघत.

तेव्हा साहेब, तुमच्याकडे दुर्बल ठरायला तिने पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवायला हवं होतं का? आणि या हिवाळ्यात ती कुठे झोपणार? उत्तर द्या. लेखी द्या, आणि बर्फ पडायच्या आत द्या.